त्याच्या बत्त्या आणि आईचा धवला

तो गेला तेव्हा मी त्याच्या दारात पाऊल टाकलं नाही. भिंतीला भिंत लागून घर, नात्याने माझा चुलतकाका, तरी नाही. आमच्या दारावरून त्याला नेत होते आणि मी चुलीपुढे बसून तांदळाच्या भाकऱ्या थापत होते. थापण्याचा आवाज मुद्दाम मोठा काढत होते, हेही सांगून टाकते. मागून बायका बोलल्या, एवढा राग बरा नव्हे, मेलेल्या माणसावर कसला राग. ज्यांना बरा वाटत नाही त्यांनी करू नये. माझा आहे आणि तो मला शेवटपर्यंत पुरेल.

माझी आई धवलारीण होती. आमच्या मुरबे गावात लग्न लागायच्या आधी मांडवात धवला म्हणायचा असतो. भटजी मागाहून, आधी धवलारीण. ती दिवा लावून बसते आणि गाण्यातून एकेकाला मांडवात बोलावते. आधी गावदेवी, मग घरातली गेलेली माणसं, मग मामा, आत्या, आणि सगळ्यात शेवटी मांडवाचा धनी आणि धनीण, म्हणजे लग्नघरचे बाप आणि आई. ज्याचं नाव गाण्यात आलं त्याने तांब्या घेऊन पुढे व्हायचं आणि मांडवाच्या मेढीला, म्हणजे मधल्या खांबाला, पाणी घालायचं. नाव आलं नाही तर जागचं हलायचं नाही. सुरू झालेला धवला मध्ये थांबवायचा नाही, कुणी टोकायचं नाही; लग्नाला अपशकुन होतो. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

धवला एकटीने म्हणत नाहीत. एक पुढे म्हणते, दुसरी मागून झेलते आणि नावं जोडते. मला समज आली तेव्हापासून झेलायला आईला खेटून मीच बसायचे. गाणं चालू असताना बोलून सांगायची सोय नसते, म्हणून आईचा एक हात कायम माझ्या मांडीवर. गुडघा दाबला की ती ओळ परत फिरवून म्हण. चिमटा काढला की ते नाव सोड आणि पुढे जा. कुणी सुतकात असतो, कुणा भावाभावांचं वाजलेलं असतं, कुणाचं नाव काढलं की मांडवातच रडारड होणार असते. सगळ्या गावाची उणीदुणी आईला पाठ, मला कुठे काय माहीत! आणि चिमटा म्हणजे चिमटा, डोळ्यांत पाणी यायचं माझ्या. लग्नसराईत माझ्या मांडीवर निळे डाग असायचे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मुंबईच्या रेडिओवरून कुणी बाई किनाऱ्यावरची लग्नाची गाणी गोळा करत आली आणि आईचा आवाज ऐकून तिथेच खाली बसली. आईला त्यांनी मुंबईला नेलं, काचेच्या खोलीत बसवलं आणि मांडवाचा अख्खा धवला म्हणवून घेतला. सोबत मीही होते. आई परत आली ती एकच धोशा घेऊन, “माजा आवाज मला कवा ऐकाया मिलल?” आयुष्यभर दुसऱ्यांच्या मांडवात गायली, पण स्वतःचा आवाज बाहेरून कसा लागतो हे तिने कधी ऐकलं नव्हतं. नवी साडी बघायला मिळणार म्हणून पोरीने ध्यास घ्यावा तसं तिचं झालं होतं.

आणि मग घसा. आधी खवखव, मग गाठ, मग मुंबईला ऑपरेशन. जीव वाचला, आवाज गेला. कायमचा गेला. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, तरी शुद्धीवर आल्यावर तिने तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली, तेव्हा तिने माझ्याकडे जसं पाहिलं ते मी कुणाला सांगत नाही. त्यानंतर ती हातवारे करायची, ओठ हलवायची, मी समजून घ्यायचे. आता तिचा आवाज जगात एकाच ठिकाणी उरला होता, मुंबईच्या त्या टेपवर. तो कधी लागतोय याची ती वाट बघत बसायची.

आता या काकाकडे येते. बोटीतला वाटा विकून तो बोईसरला एका कंपनीत लागला, तिथून बाहेर पडला आणि त्याच्या डोक्यात ऑर्किडची फुलं शिरली. मुंबईच्या हॉटेलांत म्हणे ती फुलं सोन्याच्या भावाने जातात. आमच्या भिंतीला लागून असलेली जाळी ठेवायची खोली त्याने बंद करून घेतली, फळ्या ठोकल्या, फळ्यांवर बाटल्या मांडल्या. बाटल्यांत बोटभर हिरवी रोपं आणि वर ट्यूबलाइटी. सकाळपासून रात्री जेवणवेळेपर्यंत बत्त्या चालू. सूर्य फुकट मिळतो तो याला चालेना! पण ते असो, त्याची खोली, त्याचं बिल, आमचं काही म्हणणं नव्हतं. जुने लोखंडी चोक होते तोवर आमचा रेडिओ थोडा गुणगुणायचा, एवढंच.

मग त्याने चोक बदलले. नवे इलेक्ट्रॉनिक चोक निघाले होते, हलके, गार राहणारे, वीज कमी खाणारे. त्यातही हा कुठून तरी सगळ्यात स्वस्तातले बिननावाचे घेऊन आला. ज्या दिवशी ते लागले त्या दिवशी आमच्या रेडिओत घर्रर्र सुरू झालं ते थांबेचना. काटा कुठेही न्या, बातम्या नाहीत, गाणी नाहीत, नुसतं पीठ दळल्यासारखं. त्याच्या बत्त्या विझल्या की बंद. दुसऱ्या दिवशी पेटल्या की पुन्हा हजर.

मी सांगायला गेले. नीटच गेले हो, भांडायला नाही. तो म्हणाला, “रेडिओ बदल ना तुमचा. डबडा झालाय तो.” मी म्हटलं, काका, कालपर्यंत डबडा नव्हता. तर म्हणतो कसा, “मग आमी काय तुमच्यासाटी काळोखात बसू?” काकी आत उभी होती, ती हळूच म्हणाली, “अवो, बघा ना काय होते का.” तिच्यावर असा खेकसला की ती बिचारी चुलीकडे वळली.

मी तेव्हा बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात वाइंडिंगला होते, तांब्याची तार गुंडाळायच्या कामावर. तिथल्या सुपरवायझरला विचारलं. तो उत्तरेकडचा, म्हणाला, “रेडियो का दोष नहीं है. शोर चोक बनाता है, और तार उसको पूरे मोहल्ले में बाँटता है.” मग मला नाद लागला. रेडिओ विजेवरून काढून सेलवर लावला, थोडा फरक पडला. रेडिओ आडवा-उभा फिरवून बघितला. एका कोनात घरघर दबायची, पण स्टेशनही दबायचं. म्हणजे इलाज आमच्या घरात नव्हताच, त्याच्या खोलीत होता.

त्याच्या हातापाया पडून मी एक फळी करून दाखवली. चोक ट्यूबपासून लांब टांगलेले होते आणि मधल्या तारा बांबूवरून दोरीसारख्या लोंबत होत्या. मी चोक ट्यूबला खेटून बसवला, तारा आखूड केल्या, एकमेकींत पिळल्या. चोकवर पत्र्याचा डबा घातला आणि डब्याला अर्थिंग दिलं. त्यासाठी विहिरीजवळ ओलाव्यात नळी पुरली, भोवती कोळसा आणि मीठ घातलं. घरघर तारेतून बाहेर पडू नये म्हणून खोलीत वीज शिरते तिथे कारखान्यातल्या भंगारातल्या काळ्या कड्यावर तार गुंडाळून बसवली आणि एक कंडेन्सर. बाकीच्या बत्त्या बंद करून तेवढीच फळी लावली. घरी धावत आले, तर रेडिओ बोलतोय! घरघर होती, पण शेजारच्या खोलीत कुणी घोरतंय एवढीच. आईने टाळी वाजवली.

तर हा बाबा म्हणतो, नको. सगळ्या फळ्यांचं करायचं तर बाटल्या हलवाव्या लागतील, दोन-तीन दिवस काळोख होईल, रोपं सडतील. “माज्या रोपांना हात लावाचा नाय.” मी पक्कड उचलून घरी आले. यायला नको होतं, पण त्याच्या मालकीच्या खोलीत मी काय करणार होते?

आणि मग मुंबईहून कार्ड आलं. अमुक दिवशी संध्याकाळी, अर्ध्या तासाचा कार्यक्रम, त्यात आईचा धवला. आईने ते कार्ड देव्हाऱ्यात ठेवलं. मी परत काकाकडे गेले. यावेळी चार माणसं पुढे घालून गेले. तो पान खात होता. म्हणाला, “अर्धा तासच ना? बंद करतो. वयनीला सांग, माजा शबूद हाय.” चार माणसांनी ऐकलं.

आता कुणी म्हणेल, रेडिओ उचलून गावाच्या दुसऱ्या टोकाला का नाही गेलात? शहाणे आहात! सांगते. आईला ओटीवरून उठून चार घरं चालायची ताकद नव्हती. आणि दुसरं म्हणजे, धवला सुरू होणार तर दिवा लागणार, आणि दिवा धवलारणीच्या घरात लागणार. ज्यांच्या ज्यांच्या लग्नात ती गायली त्या बायकांना तिने हातवारे करून आमंत्रणं दिली होती. माझा मावसभाऊ पालघरहून टेपरेकॉर्डर मागून घेऊन आला होता. गावात चांगला टेपरेकॉर्डर तेवढाच, आणि तोही आमच्याच ओटीवर, कारण इथेच ती बसणार होती. शब्द दिलेला होता ना. आमच्याकडे दिलेला शब्द परत तपासत नाहीत, ही आमची चूक.

संध्याकाळी ओटी भरली. आईने लुगडं नेसलं, नाकात नथ घातली, दिवा लावला. मी रेडिओ लावला. घर्रर्र.

मी धावत त्याच्या दारात. आत मुंबईचे दोन पाहुणे आलेले, फुलांचे खरेदीदार. खोली दिवाळीसारखी लखलखत होती आणि हा एकेक बाटली त्यांच्या डोळ्यांपुढे धरत होता. मी म्हटलं, काका, सुरू झालं. तो दारातच आडवा उभा राहिला. “पाच मिन्टं थांब. पावणे बघतात.” मी म्हटलं, काका, शब्द दिलाय. तो पाहुण्यांकडे बघून हसला आणि म्हणाला, “आमच्या वयनीचं गाणं लागलंय रेडिओवर. लग्नाचीच गाणी हो, रोजचीच.” काकी पुढे आली, “अवो, बंद करा ना, तिचा आवाज हाय तो!” त्याने तिला हाताने मागे सारलं. मेन स्विच त्याच्या पाठीमागे, आत. मी त्याला ढकलायला हवं होतं. त्याच्या बाटल्या फोडायला हव्या होत्या, एकेक करून, पाहुण्यांसमोर. मी “काका, पाया पडते” असं म्हणत उभी राहिले. त्याने दार लोटून घेतलं.

परत आले तेव्हा ओटीवरच्या बायका रेडिओजवळ सरकल्या होत्या. आईने रेडिओ मांडीवर घेतला होता, कान जाळीला चिकटवला होता. घरघरीतून मध्येच एखादा शब्द यायचा, “मांडवा”, “बाय”, आणि पुन्हा दळण. तिचे ओठ चालू होते. तिला अख्खा धवला पाठ, त्यामुळे आता कुठली ओळ चालली असेल ते ती अंदाजाने धरत होती. कार्यक्रम संपला. मग बत्त्या विझल्या. पाहुणे गेले होते ना! रेडिओ लख्ख झाला आणि त्यातून शेतीला खतं कोणती घालावीत ते ऐकू येऊ लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावाच्या टोकाच्या बायका आल्या. त्यांच्याकडे स्वच्छ लागलं होतं. “काय आवाज गं तुजा! अंगावर काटा आला.” सगळ्या मुरब्याने ऐकला, तिने सोडून. आई हसून मान डोलवत होती आणि मी मोरीत जाऊन रडत होते. रडत होते आणि त्याला शिव्या घालत होते, मोठ्याने, त्याच्या भिंतीला ऐकू जाईल अशा.

तो कार्यक्रम पुन्हा कधी लागला नाही. मी मुंबईला जाऊन आले. ती बाई नोकरी सोडून गेली होती आणि बाकीच्यांना काही माहीत नव्हतं. मावसभावाच्या टेपवर मात्र तो अर्धा तास जसाच्या तसा उतरला होता, घरघरीसकट. त्याने ती कॅसेट आम्हाला दिली.

पुढच्या मोसमात काकाच्या पोरीचं लग्न ठरलं, वाणगावच्या मुलाशी. आणि आला की हो तो आमच्या ओटीवर! नारळ, लुगडं, खण घेऊन, काकीला पुढे करून. धवल्याशिवाय मांडव उभा राहत नाही, आणि आमच्या कुळाचा धवला आईकडे. ती गाऊ शकत नव्हती, पण तिच्या शेजारी बसून मी गाऊ शकत होते, हे सगळ्यांना माहीत होतं. मी म्हटलं, चालता हो. तर आईने माझा पदर ओढला आणि नारळ घेतला. मी बघतच राहिले. धवलारणीने नारळ घेतला म्हणजे आता नाही म्हणता येत नाही. अशी तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या! आईचंही डोकं फिरलं, असं वाटलं मला.

मग आईने रेडिओकडे बोट दाखवलं. मग त्याच्या भिंतीकडे. मग माझ्याकडे बघितलं. मी समजले. म्हटलं, “काका, आई म्हणते, आधी सगळ्या फळ्या दुरुस्त करा. मी सांगेन तशा. नाहीतर नारळ परत न्या.” तोंड बघायला हवं होतं त्याचं. परत नेलेला नारळ घेऊन गावातून जायचं म्हणजे काय, हे त्यालाही कळत होतं. मान हलवली त्याने.

मी त्याच्या हातून करून घेतलं, सगळं. स्वतः एका तारेला हात लावला नाही. तो शिडीवर आणि मी खाली स्टुलावर. तार आखूड कर. पीळ अजून. डबा नीट बसव, फट राहिली. अर्थिंगची तार गंजलीय, घासून लाव. त्याच्या बाटल्या काळोखात गोधडीखाली झाकून ठेवल्या होत्या आणि तो दर थोड्या वेळाने गोधडी उचलून बघायचा. किती सडल्या मला माहीत नाही. विचारलंही नाही. सगळ्या बत्त्या पेटवल्या आणि आमच्या ओटीवर रेडिओ खणखणीत लागला. तो घाम पुसत म्हणाला, “झालं ना आता? मिटलं?” दुरुस्ती केली म्हणजे मिटलं, असं कुणी सांगितलं होतं त्याला?

लग्नाच्या दिवशी मी ठरवून गेले होते. त्याचं नाव येईल तिथे स्वतःची एक ओळ घालायची, शब्द मोडणाऱ्याची, सगळ्या वाणगावकरांसमोर. ओळ जुळवून ठेवली होती मी, चांगली झणझणीत. कुणी टोकू शकणार नव्हतं. आई शेजारी बसली, दिवा लावला, हात माझ्या मांडीवर ठेवला. मी एकटीच म्हणत होते, झेलायला कुणी नव्हतं. गावदेवी झाली. गेलेली माणसं झाली. मामा आला, पाणी घालून मागे सरला. आत्या झाली. मग मांडवाच्या धन्याची ओळ आली. काका नवं धोतर नेसून, तांब्या हातात धरून एक पाय पुढे टाकून उभा. मी माझी ओळ ओठावर आणली.

आणि आईने चिमटा काढला. आयुष्यात काढला नव्हता एवढ्या जोराचा.

माझी ओळ घशातच राहिली. मला वाटलं, माफ केलं हिने त्याला, शिवी घालू देत नाही. पण चिमट्याचा अर्थ मला लहानपणापासून एकच माहीत. ते नाव सोड, पुढे जा. मी त्याचं नाव सोडलं. पुढची ओळ मांडवाच्या धनिणीची, काकीची. ती म्हटली. आईने गुडघा दाबला. परत म्हटली. परत दाबला. तिसऱ्यांदा काकीचं नाव घेतलं तेव्हा मांडवातल्या सगळ्या माना काकाकडे वळल्या. वाणगावची एक म्हातारी शेजारणीला विचारत होती, “नवरीला बाप नाय काय?”

काकी उठली. चालत नवऱ्याजवळ गेली, त्याच्या हातातला तांब्या काढून घेतला आणि मेढीला पाणी घातलं. तो तसाच उभा, एक पाय पुढे टाकलेला. त्याने आईकडे पाहिलं. आई दिव्याची वात नीट करत होती. माझी ओळ काय, चार दिवसांनी लोक विसरले असते. आईने जे केलं ते तो मरेपर्यंत गावात कुणी विसरलं नाही.

आई त्यानंतर काही वर्षं होती. रोज संध्याकाळी त्या वेळेला रेडिओ लावायची, न जाणो पुन्हा लागलं तर. आवाज स्वच्छ यायचा, तिचा कधी आला नाही. मग ती रेडिओ बंद करून कॅसेट लावायची आणि त्या घरघरीला कान देऊन ओठ हलवत बसायची. आता ती कॅसेट माझ्याकडे आहे. मधूनच “मांडवा” येतं, “बाय” येतं, तेवढीच माझी आई. बाकी सगळा अर्धा तास तोच वाजतो.

म्हणून या गोष्टीत त्याचं नाव लिहिलेलं नाही. त्याची एकट्याची जागा रिकामी दिसली असती तर लोकांनी विचारलं असतं, म्हणून मग कुणाचंच लिहिलं नाही, आईचंसुद्धा.